समीकरणातले आकडे किलोचे नसतात : कुठला माल किती लागेल याचा हिशोब

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशानं २०२५ मध्ये गाठलं. तेव्हापासून उसाच्या पट्ट्यात एक प्रश्न सारखा निघतो : एक टन साखरेचं इथेनॉल होतं तरी किती? बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी, निपाणी या भागात हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. कारखान्याला साखर परवडते की इथेनॉल, यावर उसाच्या बिलाचं बरंच काही ठरतं. उत्तरं मात्र ज्याच्या त्याच्या अंदाजानं दिली जातात. कुणी चारशे लिटर म्हणतो, कुणी हजार.

कमाल किती निघेल, हे कागदावर पाच मिनिटांत काढता येतं. ते गणित पीयूसी पहिल्या वर्षाच्या, म्हणजे अकरावीच्या, रसायनशास्त्राच्या पहिल्याच धड्यात आहे. त्याचं नाव तेवढं भारदस्त आहे : स्टॉइकिओमेट्री. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पीयूला इंग्रजीत गेलेली बेळगाव-खानापूरकडची पोरं या नावालाच बिचकतात. रासायनिक क्रियेत कुठला पदार्थ किती वजनाचा लागेल आणि त्यातून काय किती वजनाचं निघेल, याचा हिशोब म्हणजे स्टॉइकिओमेट्री. लागतं फक्त गुणाकार, भागाकार आणि त्रैराशिक. चुकतं ते एकाच ठिकाणी, तिथून सुरुवात करू.

समीकरण नेमकं काय सांगतं?

लोखंडाचा ऑक्साइड आणि ॲल्युमिनियम यांची पूड एकत्र पेटवली की वितळलेलं लोखंड मिळतं. रेल्वेचे रूळ जागेवर जोडायला हीच क्रिया वापरतात, तिला थर्मिट वेल्डिंग म्हणतात. तिचं समीकरण शब्दांत असं :

१ लोह ऑक्साइड + २ ॲल्युमिनियम → १ ॲल्युमिनियम ऑक्साइड + २ लोखंड

आता सांगा, एक किलो लोह ऑक्साइडला ॲल्युमिनियम किती लागेल? दहातले सात-आठ जण पटकन ‘दोन किलो’ म्हणतील. खरं उत्तर ३३८ ग्रॅम आहे. समीकरणात जे दुप्पट दिसतं, ते वजनात जवळजवळ एक तृतीयांश निघालं. कारण समीकरणातले १ आणि २ हे नग आहेत. लोह ऑक्साइडच्या एका नगाला ॲल्युमिनियमचे दोन अणू लागतात, एवढंच ते सांगतं. तो एक नग किती जड आणि तो अणू किती हलका, याबद्दल समीकरण चकार शब्द काढत नाही.

क्रियेत जे घालतो त्यांना अभिकारक म्हणतात आणि जे तयार होतात त्यांना उत्पादितं. बाणाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे भरले की समीकरण संतुलित झालं. संतुलित नसलेल्या समीकरणावरून केलेला हिशोब कितीही नेटका असला तरी चुकीचाच येतो, म्हणून आधी अणू मोजून घ्यावेत.

उद्यमबागच्या स्टोअरमधला वजनकाटा

न दिसणारे अणू मोजायचे कसे, हा पुढचा प्रश्न. ज्या गोष्टी मोजत बसणं परवडत नाही, त्या आपण वजनावर मोजतो. बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये नट-बोल्ट कुणी एकेक करून मोजत नाही, काट्यावर टाकतात. समजा एक बोल्ट ६० ग्रॅमचा, एक नट १५ ग्रॅमचा, आणि प्रत्येक बोल्टला दोन नट लागतात, एक नेहमीचा आणि एक लॉकनट. स्टोअरमध्ये १२ किलो बोल्ट आहेत. म्हणजे २०० नग. त्यांना नट लागणार ४००, म्हणजे ६ किलो. ‘बोल्टाला दोन नट’ हे ऐकून कुणी बोल्टाच्या दुप्पट, म्हणजे २४ किलो नट मागवले तर १६०० नट येतील आणि त्यातले १२०० पडून राहतील. थर्मिटला दोन किलो ॲल्युमिनियम सांगणाऱ्याची चूक हीच.

अणूंच्या बाबतीत नग मोजायचं माप ठरलेलं आहे, त्याला मोल म्हणतात. एक मोल म्हणजे ६०२२ आणि त्यापुढे वीस शून्यं, साधारण इतके नग. (२० मे २०१९ पासून हा आकडा मोजून ठरवायचा राहिलेला नाही, तो व्याख्येनंच कायम केलेला आहे.) हा आकडा पाठ नसला तरी वजनाच्या हिशोबाला काही अडत नाही. मोलची सोय अशी, की कुठल्याही पदार्थाचं अणुवस्तुमान किंवा रेणुवस्तुमान तक्त्यातून घ्या, पुढे ‘ग्रॅम’ लिहा, झालं एक मोलाचं वजन. गंधक ३२ ग्रॅम, ऑक्सिजन वायू ३२ ग्रॅम, पाणी १८ ग्रॅम, कळीचा चुना ५६ ग्रॅम, चुनखडी १०० ग्रॅम, साखर ३४२ ग्रॅम. वजनं वेगवेगळी, नग सारखे. मोठ्या हिशोबात ग्रॅमऐवजी किलो घेतले तर त्याला किलोमोल म्हणायचं. कारखान्याचे हिशोब त्यातच सोपे जातात.

थर्मिटचं उत्तर आता पडताळून पाहा. लोह ऑक्साइडचा एक मोल १५९.७ ग्रॅम, ॲल्युमिनियमचे दोन मोल ५४ ग्रॅम. १५९.७ ला ५४, तर १००० ला ३३८. लोखंड निघेल ७०० ग्रॅमच्या आसपास. (हा प्रयोग घरी करायचा नाही. क्रिया पेटली की पाण्यानं विझत नाही, उलट पाणी पडलं तर स्फोट होतो.)

साखर कारखान्यातला चुना आणि गंधक

आता रोजच्या कामातलं उदाहरण घेऊ. पांढरी साखर करणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत उसाचा रस स्वच्छ करायला चुना आणि गंधक वापरतात. गंधक जाळून त्याचा धूर, म्हणजे सल्फर डायऑक्साइड वायू, चुना घातलेल्या रसातून सोडतात. चुना आणि वायू मिळून कॅल्शियम सल्फाइटचा साका तयार होतो. तो खाली बसताना रसातला मळ आणि रंग देणारी द्रव्यं सोबत ओढून नेतो. यात तीन क्रिया आहेत :

१ गंधक + १ ऑक्सिजन वायू → १ सल्फर डायऑक्साइड

१ कळीचा चुना + १ पाणी → १ विरलेला चुना

१ विरलेला चुना + १ सल्फर डायऑक्साइड → १ कॅल्शियम सल्फाइट + १ पाणी

प्रश्न असा : १०० किलो गंधक जाळायचं आहे. त्याच्या सगळ्या वायूला पुरेल एवढा कळीचा चुना किती?

पहिली पायरी, दिलेल्या वजनाचे नग करा. १०० किलोला ३२ नं भागलं की ३.१२५ किलोमोल गंधक.

दुसरी पायरी, समीकरणातलं प्रमाण लावा. एका गंधकाला एक वायू, एका वायूला एक विरलेला चुना, एका विरलेल्या चुन्याला एक कळीचा चुना. सगळीकडे एकास एक, म्हणून कळीचा चुनाही ३.१२५ किलोमोल. मधले दोन पदार्थ ओलांडून सरळ पहिल्यावरून शेवटच्यावर उडी मारता येते, नगांत मोजण्याचा हा मोठा फायदा.

तिसरी पायरी, नगांचं पुन्हा वजन करा. ३.१२५ गुणिले ५६, म्हणजे १७५ किलो.

वजन, नग, प्रमाण, परत वजन. कुठलंही गणित याच वाटेनं जातं. मधली नगांची पायरी गाळून वजनावरून थेट वजनावर जायला गेलं की एकास एकचा अर्थ ‘१०० किलो गंधकाला १०० किलो चुना’ असा होऊन बसतो आणि ७५ किलो चुना कमी पडतो.

ताळा पाहायचा तर दोन्ही बाजूंची वजनं जुळवा. १०० किलो गंधकाला ऑक्सिजन १०० किलो लागतो आणि वायू २०० किलो होतो. १७५ किलो कळीचा चुना ५६.२५ किलो पाणी घेऊन २३१.२५ किलो विरलेला चुना होतो. २०० आणि २३१.२५ मिळून ४३१.२५. पलीकडे कॅल्शियम सल्फाइट ३७५ किलो आणि पाणी ५६.२५ किलो, बेरीज तीच. ताळा जमला नाही तर गुणाकारात नाहीतर संतुलनात चूक आहे, पुढे जायचं नाही.

१०० किलो ऑक्सिजन आणायचा कुठून? हवेतून. हवेच्या वजनात ऑक्सिजन २३ टक्क्यांच्या थोडा वर असतो, म्हणजे सुमारे ४३० किलो हवा लागेल. प्रत्यक्षात यापेक्षा जास्त हवा द्यावी लागते, नाहीतर न जळलेलं गंधक वाफ होऊन पुढच्या पाइपात जाऊन गोठतं आणि लाइन तुंबते. हवा आधी कोरडी करतात त्यालाही कारण आहे. ओलसर हवेत थोडं सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि ते पाइप खातं.

पोत्यात चुना किती आणि माती किती?

१७५ किलो हे उत्तर शुद्ध चुन्याचं. बाजारातून येणारं पोतं शुद्ध नसतं. त्यात वाळू असते, भट्टीत न भाजलेली चुनखडी असते, मॅग्नेशियाही (मॅग्नेशियमचा ऑक्साइड) असतो. समजा पोत्यातला कामाचा चुना ७५ टक्के आहे. मग १७५ ला ०.७५ नं भागायचं : २३३ किलो माल.

इथे भागायचं की गुणायचं, यात हमखास घोटाळा होतो. शुद्ध किती हवा हे ठाऊक असून माल किती काढायचा हे शोधत असाल तर भागा. माल हातात असून त्यात शुद्ध किती हे शोधत असाल तर गुणा. उत्तर आल्यावर एवढंच पाहायचं की अशुद्ध मालाचं वजन शुद्धापेक्षा जास्त आलं का. गुणून १३१ किलो आलं तर ते उघडच उलटं आहे.

चुन्याची आणखी एक खोड आहे, तो पडल्या जागी बिघडतो. हंगामाच्या आधी घेतलेली पोती गोदामात राहिली आणि दमट हवा लागली, की कळीचा चुना हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. त्याची पुन्हा चुनखडी व्हायला लागते. काट्यावर पोतं उलट जड भरतं, कामाचा चुना मात्र कमी. खानापूरकडच्या पावसाळी हवेत चुन्याचं पोतं उघडं ठेवणं म्हणजे पैसे भिजत घालणं. आणि पोत्यांवर थेट पाणी गळलं तर नुसतं नुकसान होऊन भागत नाही. कळीचा चुना पाण्याशी मिळताना इतका तापतो की गोणपाट पेट घेऊ शकतं.

म्हणून पोत्यावरच्या आकड्यावर न विसंबता लॅबमध्ये चुना तपासतात. गंमत म्हणजे त्यासाठी साखरच लागते. साखरेच्या पाण्यात कामाचा चुना चांगला विरघळतो, न भाजलेली चुनखडी विरघळत नाही. मग ठरावीक तीव्रतेचं हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबानं सोडून, फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा (चुना शिल्लक असेपर्यंत तो गुलाबी दिसतो) गुलाबी रंग जाईपर्यंत किती आम्ल लागलं हे मोजायचं. एका नग चुन्याला दोन नग आम्ल लागतं. त्यावरून चुना किती होता ते निघतं. म्हणजे चुन्याची शुद्धता काढायलाही हेच गणित, फक्त उलट्या दिशेनं.

मग थोडा जास्तच टाकला तर काय बिघडलं?

हा आक्षेप रास्त आहे, आणि याचं उत्तर पदार्थागणिक बदलतं. चुना विरवताना पाणी मुद्दाम कित्येक पट जास्त घालतात. हिशोबानं १७५ किलो चुन्याला ५६ किलोच पाणी पुरेसं आहे, पण तेवढंच घातलं तर निम्मं वाफ होऊन जाईल आणि कोरडे खडे उरतील. शिवाय पंपानं ढकलायला तो दुधासारखा पातळ हवाच असतो. इथे जास्त पाण्याचा भार पुढे ते आटवायला लागणाऱ्या वाफेवर पडतो, म्हणून त्यालाही मर्यादा आहे, पण रासायनिक बिघाड काही नाही.

चुना आणि गंधक यांचं तसं नाही. चुना जास्त झाला की रसाचा पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, सातच्या खाली आंबट, वर अल्क) चढतो, रसातल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजचं विघटन होऊन रंग गडद होतो आणि रसात विरघळलेले चुन्याचे क्षार वाढतात. हेच क्षार पुढे रस आटवायच्या भांड्यांच्या नळ्यांवर बसतात. वायू जास्त झाला तर उलट त्रास. रस आंबट होतो, आंबट आणि गरम रसात साखरेचा रेणू फुटून त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि ते पोत्यात साखर म्हणून येत नाहीत. शिवाय जादा वायूमुळे तयार झालेल्या साक्याचा काही भाग परत विरघळतो, म्हणजे केलेलं काम वाया. म्हणून वायू दिल्यावर रसाचा पीएच सातच्या आसपास ठेवायची धडपड असते. गुऱ्हाळावर चुना मुठीनं, नजरेच्या अंदाजानं पडतो. मूठ सैल पडली तर गूळ काळपट होतो, हे गुळव्याला कुणी शिकवावं लागत नाही.

कागदावरचा चुना आणि खरा चुना

रोज पाच हजार टन उसाच्या गाळपाचा कारखाना घ्या. गंधक उसाच्या वजनाच्या साधारण ०.०५ टक्का धरलं तर दिवसाला अडीच टन. त्याला कळीचा चुना १.७५ पट, म्हणजे ४.३७५ टन, आणि ७५ टक्के शुद्धतेनं माल ५.८ टन. पण अशा कारखान्यात चुना उसाच्या टनामागे साधारण दीड ते दोन किलो, म्हणजे दिवसाला साडेसात ते दहा टन खपतो. वरचा चुना कुठे गेला?

चोरी नाही. समीकरण फक्त चुना आणि वायूचं होतं, रस आपल्या हिशोबात धरलाच नव्हता. उसाच्या रसात मुळातच सेंद्रिय आम्लं असतात, फॉस्फेट असतं. तीही चुना खातात, आणि फॉस्फेटनं खाल्लेला चुना तर हवाच असतो, कारण मळ धरून खाली बसवण्यात कॅल्शियम फॉस्फेटचा वाटा मोठा आहे. ऊस शिळा असेल, तोडून दोन-तीन दिवस गाडीत पडला असेल, तर आम्ल वाढतं आणि चुनाही जास्त लागतो. उलट बाजूनं, जाळलेल्या गंधकाचा थोडा वायू रसात न मुरता वरून निसटतो, तेवढा चुना वाचतो. समीकरणावरून आलेला आकडा फक्त समीकरणात लिहिलेल्या पदार्थांपुरता असतो. आकडा जमला नाही तर गणिताला नावं ठेवण्याआधी कुठली क्रिया लिहायची राहिली ते शोधावं.

वजन कुठे गेलं?

चुनखडी भाजून कळीचा चुना करतात तिथे आणखी एक संशय निघतो. एक टन चुनखडी भट्टीत घातली आणि चुना निघाला ५६० किलो. उरलेले ४४० किलो? उसाच्या काट्यावरून दर हंगामात आपल्याकडे वाद होतात, त्यामुळे वजन घटलं की काटामारी आठवणं साहजिक आहे. पण भट्टीत तसं काही नसतं. १०० किलो चुनखडीतून ५६ किलो चुना आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वायू धुराड्यातून जातो, तो काट्यावर येत नाही. क्रियेच्या आधीचं एकूण वजन आणि नंतरचं एकूण वजन सारखंच असतं, हे फ्रान्सच्या लाव्हाझिएनं अठराव्या शतकाच्या शेवटी बंद भांड्यात वजनं करून दाखवलं. त्याच सुमारास, १७९२ पासून, जर्मनीच्या येरेमियास रिश्टरनं किती आम्लाला किती अल्क लागतं याची कोष्टकं मांडायला घेतली. अणूंची वजनं ठाऊक नसतानाही हे जमलं, हे विशेष.

आता इथेनॉल

साखरेपासून इथेनॉलचं समीकरण असं :

१ साखर + १ पाणी → ४ इथेनॉल + ४ कार्बन डायऑक्साइड

यीस्ट आधी साखरेच्या रेणूत पाणी घालून त्याचे दोन तुकडे करतं आणि मग ते आंबवतं. वजनं लावू. साखर ३४२.३, पाणी १८, इथेनॉल चार गुणिले ४६.०७ म्हणजे १८४.३, वायू चार गुणिले ४४ म्हणजे १७६. एक टन साखरेला ५२.६ किलो पाणी लागतं. त्यातून इथेनॉल ५३८ किलो आणि कार्बन डायऑक्साइड ५१४ किलो निघतो. साखरेच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त हवेत जातं, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. आंबवायच्या टाकीवर फेस येऊन खदखदतं ते याच वायूमुळे, आणि बंद टाकीत डोकावणाऱ्या माणसाचा त्यानं जीव जाऊ शकतो.

५३८ किलोचे लिटर किती? इथेनॉलचा एक लिटर ७८९ ग्रॅम भरतो. भागून ६८२ लिटर. ही छताची उंची झाली. हजार लिटर सांगणाऱ्याचा दावा इथेच निकालात निघतो, यीस्ट कुठलंही आणा.

प्रत्यक्षात टनाला ६०० लिटरच्या आसपास मिळतात. कारण यीस्ट जिवंत आहे, त्याला स्वतः वाढायचं असतं, आणि थोड्या साखरेचं ग्लिसरीन आणि इतर पदार्थ होतात. चांगल्या आंबवणीतही सुमारे पाच टक्के साखर अशीच जाते, हे एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चरनं दाखवलं. म्हणजे ६८२ चे ६४८ तिथेच झाले. पुढे न आंबलेली साखर, टाकीत शिरलेले जंतू, ऊर्ध्वपातनातली गळती यांत बाकीचं जातं. मिळालेल्याला कागदावरच्या कमालानं भागून शंभरनं गुणलं की उतारा टक्क्यांत येतो. इथे तो ८८ टक्के. एखाद्या डिस्टिलरीचा उतारा १०० च्या वर दाखवला असेल तर मोजण्यात गफलत आहे, दुसरं काही असू शकत नाही.

लागणारा माल काढताना उताऱ्यानंही भागायचं. गाडीच्या टाकीत ४० लिटर पेट्रोल भरलं तर त्यात ८ लिटर इथेनॉल. कागदावर त्याला साखर लागेल ११.७ किलो, ८८ टक्के उताऱ्यानं १३.३ किलो. उसाच्या रसापासून थेट इथेनॉल केलं तर टनाला सुमारे ७० लिटर धरतात, त्या हिशोबानं एका टाकीत ११४ किलो ऊस गेला. मळीपासूनचा हिशोब वेगळा. मळीत साखर निम्म्याच्या आसपास असते, त्यामुळे टनामागे लिटर त्याच प्रमाणात कमी.

दोन्ही माल हातात असले तर?

परीक्षेतला सर्वांत अवघड समजला जाणारा प्रश्न हा. ४० किलो गंधक आहे आणि ८० टक्के शुद्धतेचा ६० किलो कळीचा चुना आहे. कॅल्शियम सल्फाइट किती होईल?

चुना दीडपट दिसतो म्हणून तो पुरेल असं वाटतं. नग काढा. गंधक ४० भागिले ३२, म्हणजे १.२५ किलोमोल. चुना शुद्ध ४८ किलो, भागिले ५६, म्हणजे ०.८५७ किलोमोल. प्रमाण एकास एक, तेव्हा आधी संपणार चुना. नट संपले की बोल्ट कितीही असले तरी जोडणी थांबते, तसं. जो आधी संपतो त्याला लिमिटिंग रिएजंट म्हणतात आणि पुढचा सगळा हिशोब त्याच्याच नगांवरून करायचा. कॅल्शियम सल्फाइट ०.८५७ गुणिले १२०, म्हणजे १०३ किलोच्या जवळ. सल्फर डायऑक्साइड ०.३९३ किलोमोल, म्हणजे २५ किलो, उरला.

समीकरणात एकास एक नसेल तर एक पायरी वाढते. प्रत्येकाचे नग त्याच्या समीकरणातल्या आकड्यानं भागायचे आणि मग ज्याचं उत्तर लहान तो आधी संपणार. थर्मिटमध्ये ॲल्युमिनियमचे नग दोननं भागून मगच लोह ऑक्साइडशी तुलना करायची.

पोरं जिथे गुण घालवतात

ऑक्सिजनचं वजन १६ घेतात. १६ हे अणूचं, वायूचा नग ३२ चा. वायूचं आकारमान विचारलं तर तापमान आणि दाब वाचत नाहीत : शून्य अंश सेल्सिअसला एका वातावरणाच्या दाबाला मोल २२.४ लिटर भरतो, एका बारला (बार हे दाबाचं दुसरं माप) २२.७. दोन्ही आकडे खरे, प्रश्नात जो दाब दिला त्याचा घ्यायचा. ग्रॅम आणि किलो एकाच ओळीत मिसळतात. आणि लिटरला वजन समजून चालतात, इथेनॉलच्या गणितात तेवढ्यानंच वीस टक्क्यांचा फरक पडतो.

दशांशांचा सोस हे शेवटचं. २३३.३३३ किलो चुना असं उत्तर लिहिलेलं असतं. चुन्याची शुद्धता ७५ म्हणजे कधी ७४, कधी ७६, पोत्यागणिक बदलणार. ७४ धरली तर माल २३६.५ किलो, ७६ धरली तर २३०.३. आकडा आधीच तीन-तीन किलोंनी इकडेतिकडे होत असताना दशांशाच्या तिसऱ्या घराला काही अर्थ नाही. २३३ किलो लिहावं, आणि वरखालीचे दोन-तीन किलो पीएच मीटर बघून ठरवावेत.